चौथ्या चौकटीतली बाई

२ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा ठकीचं टोळकं आलं होतं. ठकी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. नोव्हेंबरपासून माझ्याकडे राहते आणि मी काम करते त्याच दातांच्या लॅबमध्ये कामाला येते. टोळकं म्हणजे आणखी दोघं. एक वकिलीला शिकणारी, तिला सगळे वकीलीणबाई म्हणतात, आणि एक टोपीवाला, जो घरात बसूनही टोपी काढत नाही. तिघांना ‘गोफण’ नावाच्या चित्रकथेचं वेड. महिन्याला एक अंक येतो आणि हे लोक चार रविवार माझ्या दिवाणावर बसून त्याची चिरफाड करतात. चहा माझा, बिस्किटं माझी, आणि वर “आत्या, भांडी जरा हळू ना” हेही मलाच.

या अंकावरून चांगलीच जुंपली. गोफण ही त्यातली नायिका. दिवसा कसल्याशा कारखान्यात काम करते. तिथला मुख्य माणूस तिच्या कमरेवर हात ठेवतो. पहिल्यांदा ती बाजूला सरकते. दुसऱ्यांदा सांगते, “हात काढा.” तिसऱ्यांदा हात तिथेच, तेव्हा ती त्याची तीन बोटं मोडते. एकेक करून. मध्ये मध्ये विचारते, “कळलं का?”

टोपीवाल्याचं म्हणणं, एक बोट पुरे होतं. “तिच्या अंगात वीस माणसांचं बळ आहे. नुसता धक्का दिला असता तरी तो भिंतीला चिकटला असता. तीन बोटं म्हणजे अतीच.”

वकीलीणबाई म्हणाली, “तिने दोनदा सांगितलं होतं. किती वेळा सांगायचं ते तू ठरवून दे, म्हणजे आम्ही वहीत लिहून ठेवतो.”

“मी त्याची बाजू घेत नाहीये गं.”

“नाही, तू त्याच्या बोटांची घेतोयस.”

एरवी ठकी या दोघांना बोलू देत नाही. आज उशी पोटाशी धरून गप्प बसली होती. दमली असेल.

मग टोपीवाल्याने विचारलं, गोफणच्या हातात हे काय आहे म्हणून. कुणी म्हणालं माउथऑर्गन, कुणी म्हणालं किल्ल्यांचा जुडगा. मी चहाचे कप उचलताना वाकून पाहिलं. पट्टी होती. दातांच्या रंगांची पट्टी, सोळा दात ओळीने लावलेली. आमच्या लॅबमध्ये रोज हातात असते. ठकीनेही पाहिलं आणि म्हणाली, “असेल काहीतरी.” मला नवल वाटलं. एवढं ओळखीचं काही दिसलं की माणूस लगेच सांगतो. पण मग मीसुद्धा कुठे सांगितलं?

३ फेब्रुवारी, सोमवार

ठकी अंघोळीला गेली तेव्हा अंक काढून वाचला. वयाला शोभत नाही, पण वाचला.

ती खोली आमच्या लॅबमधली आहे. करड्या भिंती, एकच उंच खिडकी, खिडकीखाली तिरकी फळी. काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. चौथ्या चौकटीत खोलीबाहेर टेबलाशी बसलेली एक बाई आहे. चष्म्याला दोरी. तशी दोरी हजार बायकांच्या चष्म्याला असते. ती उठते आणि गोफण आत असताना बाहेरून दार लावून घेते. तोंडात एक शब्द नाही. पाचव्या चौकटीत नुसतं बंद दार.

हे नवीचं काम आहे. दुसरं कुणी असूच शकत नाही.

नवी आमच्याकडे आली तेव्हा नवीन होती म्हणून नवी. आठ महिन्यांनी सोडून गेली तेव्हाही नवीच. जेवणाच्या सुट्टीत कागदाच्या कपट्यांवर आमची सगळ्यांची चित्रं काढायची. माझं नाक जरा जास्तच लांब काढलं होतं तिने. बावीस वर्षं झाली.

त्या दिवशी दार मी लावलं, हे खरं आहे. बाहेरचा उजेड आत जात होता. दार उघडं राहिलं तर रंग चुकतो, हा लॅबचा नियम आहे, माझा नाही. आता बावीस वर्षांनी कुणी त्याचं चित्र काढून बाजारात मांडावं, याला काय म्हणायचं? आपण बरं की आपलं काम बरं, असं वागणाऱ्या माणसालाही लोक सोडत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर त्या खोलीच्या कडीचा आवाज कानात. बारा वर्षांपूर्वी आम्ही ती कडी बदलली, आता साधं हँडल आहे, त्याचा आवाज येत नाही. तरी मला कट् असं ऐकू येतं आणि मेण कापता कापता सुरी घसरते. दोन साचे वाया गेले.

कुणी म्हणेल, एका खोलीचं एवढं काय? पण लॅबमध्ये रंगखोलीशिवाय पान हलत नाही. डॉक्टर लोक दातांचे साचे पाठवतात, आम्ही कॅप बनवतो, कवळ्या बनवतो. कॅप शेजारच्या दाताच्या रंगाची हवी, नाहीतर माणूस हसला की चोरी उघडी पडते. ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो, म्हणून ही वेगळी खोली, दार बंद. एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने कॅप. रंगाचं काम मास्तरांकडे, म्हणजे आमच्या जुन्या मुख्य कारागिरांकडे. त्यांच्याबरोबर आत जायला तरुण नजर लागते, कारण वयाबरोबर डोळ्यांत पिवळेपणा येतो.

माझी नजर होती तोवर मीच जायचे. पाच वर्षं. त्या खोलीत उभं राहायची माझी एक पद्धत होती, डावं कोपर बाहेर काढून, मध्ये ट्रे धरून. मग नवी आली आणि माझी सुटका झाली. मेणाच्या टेबलावर मला जास्त आवडतं.

आता ठकी जाते. नजर अगदी माझी घेतलीय पोरीने. ए-दोन आणि ए-तीन या जवळपास सारख्या छटांतला फरक ती अर्ध्या सेकंदात सांगते. निदान डिसेंबरपर्यंत सांगायची. आज तिने पास केलेल्या तीन कॅप डॉक्टरांकडून परत आल्या. रंग चुकला म्हणून.

मास्तर मात्र काही बोलले नाहीत. “होतं बाळ, होतं,” एवढंच. म्हातारे झालेत आता. नात शाळेत जाते त्यांची. माणूस बदलतो.

९ फेब्रुवारी, रविवार

टोळक्याचा विषय आज तीन बोटांवरून सरकला आणि थेट माझ्यावर आला. म्हणजे त्या बाईवर. तिला त्यांनी नाव ठेवलंय, दारवाली. बाहेरच्या वाचकांचा फोनवर मोठा गट आहे, तिथेही म्हणे आठवडाभर दारवालीच चालली आहे. टोपीवाल्याने वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, पुढच्या अंकात गोफणने दारवालीचीही बोटं मोडावीत. त्याला चारशे लोकांनी दुजोरा दिलाय.

मी म्हटलं, “तिला काय माहीत, आत काय चाललंय ते?”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी त्यांच्या बोलण्यात पडत नाही.

वकीलीणबाई म्हणाली, “आत्या, तिसऱ्या चौकटीत तिचे डोळे बघा ना. दाराकडे आहेत. आधी बघते, मग लावते.”

“चित्रातल्या डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? एक टिंब इकडे पडलं काय आणि तिकडे पडलं काय.”

“असेल,” ठकी म्हणाली. आज तिने तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच. “तिला नोकरी टिकवायची असेल. किंवा तिला वाटलं असेल, असंच असतं. मला तिचा राग नाही येत. मला फक्त तिला विचारायचंय, परत कधी असं झालं तर ती उठेल का?”

मी आत जाऊन बेसिनशी उभी राहिले. कप आधीच धुतलेले होते, ते पुन्हा धुतले. पोरगी माझी बाजू घेत होती, मग मला रडू का यावं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी पाच कॅप परत. सगळ्या ठकीने पास केलेल्या. मालकीणबाईंनी परत आलेल्या कामांची वही मागवून घेतली. ही जुन्या मालकांची सून, स्वतः दातांची डॉक्टर, शिस्तीला कडक. मला बोलावून म्हणाल्या, “ताई, तुमच्या शब्दावर घेतली होती.” मान खाली घालून ऐकलं.

घरी येऊन ठकीला झापलं. “पांढरं आणि पिवळं कळेना का तुला?” म्हणाली, “नाही कळत, आत्या. मला दुसऱ्या टेबलावर बसव. प्लॅस्टर ओतेन, काहीही करेन.” प्लॅस्टर ओतायला कुणीही चालतो. अशी नजर असताना प्लॅस्टर ओतायचं? याला करंटेपणा म्हणतात. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरने रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. ठकीने धडाधड आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाला, “इतके चांगले डोळे मी या महिन्यात पाहिले नाहीत. तुम्ही आणलंत कशाला?”

येताना बसमध्ये मी विचारलं, मग चुकतं कसं? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “तिथे लक्ष लागत नाही.” हल्लीच्या मुलांचं हेच. फोन, चित्रकथा, लक्ष कसं लागणार? घरी आल्यावर पुन्हा वीस मिनिटं हात धूत होती. मेण नाही, प्लॅस्टर नाही, काय धुते कोण जाणे. साबण आठवड्याला एक लागायला लागलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

टोळक्याला ठकीने येऊ नका म्हणून कळवलं. दुपारभर घर शांत. मला ती शांतता सोसवेना. अंक उघडून पुन्हा चौथी चौकट पाहिली.

खरं लिहायला ही वही आहे, तर लिहिते. उजेडाचं मी जे लिहिलं ते अर्धं आहे. आदल्या दिवशी नवीने मला विचारलं होतं, “तुम्ही याल का माझ्याबरोबर आत? नुसत्या उभ्या राहा.” मी म्हटलं होतं, माझी कामं पडलीत. दुसऱ्या दिवशी दार चार बोटं उघडं होतं, आणि माझं टेबल बरोब्बर समोर. त्या फटीतून काय दिसलं ते लिहायला हात धजत नाही. एवढंच लिहिते की, काही दिसलंच नसतं तर मी उठले नसते.

तरी आजचा माणूस तो नाही. साठीला आलाय, मानेचा पट्टा लावतो. आणि मी समोरच बसते ना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक चांगलं काम केलं. ठकीची नोकरी जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलंय. सकाळी सगळे टेबलांवर असताना मास्तरांना म्हटलं, “हिला रोज अर्धा तास जास्तीचा द्या रंगखोलीत. तुमच्या हाताखाली नीट शिकेल. मालकीणबाईंचीही तक्रार राहणार नाही.”

मास्तर म्हणाले, “मी तेच म्हणणार होतो, ताई. तुम्ही बोललात ते बरं झालं. उद्यापासून चारला.”

ठकीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर बोलले म्हणून रागावली असणार. घरी आल्यावर जेवली नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. लाडाने पोरं बिघडतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहिते.

काल चारला ठकी माझ्या टेबलाशी आली. हातात प्लॅस्टरचा जबडा, त्यावर तपासायची कॅप. म्हणाली, “आत्या, तू येतेस का माझ्याबरोबर आत? नुसती उभी राहा.”

तेच शब्द. तिला कोण सांगणार ते शब्द? कुणी सांगितलेले नव्हते. त्या जागी उभ्या असलेल्या मुलीला दुसरे कुठले शब्द सुचणार?

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “मेण गरम आहे, तू हो पुढे, आलेच.” बावीस वर्षं तोंडाला लागलेली सवय. ती गेली. मास्तरांनी दार लावलं. हँडलचा आवाज येत नाही, पण मला कट् ऐकू आलं आणि एकदम सगळं समोर आलं. उशी पोटाशी. साबण. प्लॅस्टर ओतेन, काहीही करेन. परत आलेल्या कॅप. पोरगी रंग चुकत नव्हती, चुकवत होती. नजर वाईट ठरली तर आत बोलावणार नाहीत, म्हणून. आणि मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

मी उठले. माझ्या टेबलापासून रंगखोली सहा पावलं आहे. हात हँडलवर पडला तेव्हाच आत दणका झाला आणि मास्तर ओरडले.

ठकी खिडकीशी उभी होती. हातात अर्धा जबडा, अर्धा जमिनीवर फुटलेला. मास्तर तोंड धरून खाली बसलेले, बोटांतून रक्त. पुढचा एक दात तुटला, ओठ फाटला. ठकी त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “दोनदा सांगितलं होतं.”

मग तिने मला दारात पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मी आले याचा आनंद नव्हता, एवढं नक्की.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकीणबाईंनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. मास्तरांच्या ओठाला टाके. त्यांनी आधीच सगळं रचून ठेवलं होतं. मुलगी कामात चुकते, वहीत आठ नोंदी आहेत. आत्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं, हिला शिकवा. मी बोललो, तिला राग आला, तिने जबडा हाणला. पोलिसात जाणार आहे.

मालकीणबाईंनी वही उघडून ठकीला विचारलं, “या आठ चुका तुझ्या?”

“हो. मुद्दाम केल्या.”

“मुद्दाम कोण चुका करतं?”

ठकीने कारण सांगितलं. कधीपासून, किती वेळा, हात कुठे. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा ऐकत होते. एका घरात राहतो आम्ही.

मास्तर म्हणाले, “काहीही रचायचं झालं आता. ताईंना विचारा ना. सत्तावीस वर्षं त्या दारासमोर बसतात. कधी काही ऐकलंय का त्यांनी? कधी एक शब्द?”

माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, हो म्हणा अशी. त्यांना माझी खात्री होती. मला त्या खात्रीची जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

मी म्हटलं, “ऐकलंय. पाहिलंयसुद्धा.” मालकीणबाई ठकीला म्हणाल्या, तू बाहेर थांब. ठकी म्हणाली, “नाही, मी ऐकणार.” मग मी तिच्यासमोरच सांगितलं. माझी पाच वर्षं सांगितली, कोपर आणि ट्रे सांगितला. नवी आली तेव्हा मला हायसं वाटलं, कारण आता तिची पाळी होती, तेही सांगितलं. दाराच्या फटीतून यांचा हात तिच्या ब्लाऊजमध्ये पाहिला. तिने फटीतून माझ्याकडे पाहिलं. आणि मी उठून दार लावलं, कारण ती माझ्याकडे बघत होती ते मला बघवेना.

मास्तर म्हणाले, “म्हातारी भ्रमिष्ट झालीय.” मालकीणबाई म्हणाल्या, “पोलिसात जायचं तर खुशाल जा. मी दोघींना घेऊन मागोमाग येते. तोवर इथे पाऊल टाकू नका.” ते उठून गेले. जाताना दार उघडंच टाकून गेले.

आता सगळं नीट होईल असं मला वाटलं. बसमध्ये ठकी शेजारी बसली, डोळे मिटून. मला वाटलं, दमली असेल.

घरी आल्यावर चप्पलही काढली नाही तिने. विचारलं, “नोव्हेंबरमध्ये मला तिथे लावलंस, तेव्हा तुला हे सगळं माहीत होतं?”

माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. म्हातारे झाले, नात आहे, मानेचा पट्टा. याच वहीत लिहून ठेवलीत.

“हो,” मी म्हटलं.

तिने अर्ध्या तासात बॅग भरली. वकीलीणबाई खाली रिक्षा घेऊन आली होती. जिन्यात ठकी थांबली आणि म्हणाली, “आज बोललीस ते बरं केलंस, आत्या. त्याबद्दल राग नाही. पण मी तुझ्या घरात झोपू शकत नाही.” मी थांब म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

रविवार गेला. कुणी आलं नाही. चार कप धुऊन पालथे घातलेत, तसेच आहेत.

सकाळी लॅबमध्ये गेले. मालकीणबाईंनी रंगखोलीचं दार बिजागरीतून काढून घेतलंय आणि चौकटीला करडा पडदा लावलाय. रंग थोडे चुकतील म्हणाल्या, चुकू देत. सगळ्या बायका माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होत्या. त्यातल्या दोघी बोलता बोलता रडल्या आणि कारण न सांगता कामाला लागल्या. मी विचारायला हवं होतं. उद्या विचारीन.

संध्याकाळी दादाचा फोन आला. ठकीने त्याला घर बदललं एवढंच सांगितलंय, बाकी विचारलं तर रडते म्हणे. माझं तिच्याशी भांडण झालं, असं त्याला वाटतंय. दादा कधी माझ्यावर आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही.

म्हणाला, “खरं सांग. पोरीला कुणी त्रास दिला का तिथे?”

“दिला, दादा.”

दादा मग म्हणाला, “पण असं कसं होईल? तू होतीस ना तिथे?”

मी म्हटलं, “होते.”